चौदावा रकाना

लिलोंग्वेहून सहा तास, शेवटचे दोन नुसत्या खडीवरून.
मांडीवर बत्तीस रकान्यांचा तक्ता,
कुठल्याशा थंड शहरात आखलेला.
ड्रायव्हर जाफाली दर पुलाला
तिथे वाहून गेलेल्या माणसाच्या नावाने ओळखतो
आणि ते नाव घेताना वेग कमी करतो.

मी सल्लागार. म्हणजे
जिथे माझी रात्रपाळी कधीच लागत नाही
तिथल्या रात्रपाळीबद्दल बोलते.

मुलांच्या वॉर्डात खाटा एकतीस, मुलं चौसष्ट,
नर्स एक. एनेलेस चिरांबो.
तिने मला खुर्ची दिली.
वॉर्डातली ती एकुलती खुर्ची
हे मला तासाभराने कळलं. तोवर ती उभीच.

हात धुण्याची सोय: आहे. तोटी बसवलेली बादली.
वीज: हो किंवा नाही.
'अधूनमधून'ला जागा नव्हती, मी समासात लिहिलं.
चौदावा: दर चार तासांनी नोंदी होतात का?
खाटेच्या पायथ्याशी पाटी,
पाटीला चाप,
चापात काहीच नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
पेन नवं होतं, छान चाललं.

संध्याकाळी गाडीचा पट्टा तुटला,
आणि अंधारात प्रवास विम्याच्या नियमात बसत नाही.
म्हणून राहिले. एरवी राहिले नसते.

रात्री वीज गेली तेव्हा
एनेलेसने फोनचा दिवा दातांत धरला.
एकेक कपाळ, एकेक छाती,
घड्याळाच्या काट्यावर श्वास मोजायचे,
मग मच्छरदाणीचं टोक ओढून
त्याला गाठ मारायची.

हे काय?
"दाराकडचं टोक तापाचं. भिंतीकडचं औषधाचं.
सैल गाठ म्हणजे परत बघ.
घट्ट म्हणजे मला उठव."
दिवा दातांत असल्याने तिचे शब्द दबके येत होते.

सोडता कधी?
"घरी गेलं मूल की."
आणि नाही गेलं तर?
"तेव्हाही सोडतो. जाळी पुढच्याला लागते."

माझ्या भाषेत अशा गाठीला एक शब्द आहे.
तिला सांगितला नाही.
तिची अजून बावीस मुलं बाकी होती.

पहाटे दिवसपाळीची फ्रीडा मुसुकवा आली,
दिवा न लावताच
जाळ्यांचे काठ बोटांतून ओढत गेली,
एकोणिसाव्या खाटेपाशी थांबली.
त्या खाटेवर दोघं, जाळी एकच, गाठींच्या रांगा दोन.
एनेलेसने एक रांग सोडली.
एक आई चितेंजेची घडी घालत होती,
घडी नीट बसत नव्हती, पुन्हा उलगडत होती.
वोंगानी घरी निघाला होता, की...
मी विचारलं नाही.

राजधानीत काचेची खोली, पाण्याच्या बाटल्या, मंत्रालय.
चौदाव्यात मी 'नाही' खोडलं होतं,
'हो' लिहायचं धाडस झालं नव्हतं,
शेजारी एक लहानशी गाठ काढली होती.
टाइप करणाऱ्या मुलाला ती शून्य वाटली.
शून्य सगळ्यांच्या प्रतींत गेलं.
"अपेक्षेप्रमाणेच," कुणीतरी म्हणालं.

मग मी बोलले. फार बोलले.
गाठी, टोकं, अंधारात वाचणारी बोटं.
दोघांनी फोन खाली ठेवले.
एका बाईंना ते इतकं आवडलं
की त्यांना छायाचित्र हवं होतं.

तेव्हा आठवलं, निघताना एनेलेस म्हणाली होती,
"गाठींचं कौतुक नको सांगू कुणाला.
कागद हवाय. आणि हातमोजे."

कागदाची दहा रिमं मंजूर झाली.
चांगलं झालं. खरंच सांगते, चांगलं झालं.
हातमोजे तेविसाव्या रकान्यात होते,
पानाच्या मागच्या बाजूला.
तिथवर पोचायच्या आधी
जेवणाची वेळ झाली.